सुनंदाताईंची करवत

सुनंदाताई गोळे यांची आणि माझी ओळख माझ्या कुरकुरीमुळे झाली. पिरंगुटला मी सांधेबदलाच्या शस्त्रक्रिया करते. गुडघ्याचे हाड तासण्याची आमची विजेवरची करवत तोंडाकडे जड होती, हातात थरथरायची. उरवड्याच्या कारखान्यात अशी उपकरणे बनतात असे कळले, म्हणून फोन केला. दुसऱ्याच दिवशी तिथल्या मुख्य रचनाकार असलेल्या ताई स्वतः हजर! परवानगी काढून त्या शस्त्रक्रियेला उभ्या राहिल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचं अर्धं बळ करवत सावरण्यातच जातंय. तेवढं मी वाचवते."

ताईंनी मोटर मागे घेतली, बॅटरी मुठीच्या तळाशी नेली. बाजारातल्या मुठी पुरुषी पंजाच्या. ही मूठ त्यांनी माझ्या हाताच्या मापाने घडवली. घोटावड्याच्या खाटकाकडून आणलेली हाडे कापून कापून पाते सुधारले.

सगळ्या चाचण्या पार पडल्या. तरी माल रवाना होण्याआधी ताईंनी एक करवत निर्जंतुकीकरणाच्या वाफेतून पुन्हा पुन्हा काढली, तेव्हा आत किंचित ओल शिरलेली दिसली. मालक म्हणाले, "ताई, नियमात बसतंय की!"

"बसतंय. पण पेशंट टेबलावर असताना ही बंद पडली, तर डॉक्टरांनी काय नियम वाचत बसायचं?"

माल थांबला. दोष दूर झाल्यावरच करवत माझ्याकडे आली.

पहिल्या रुग्ण माणच्या हौसाबाई. आयटीतल्या पोरांना वरच्या खोल्या भाड्याने दिलेल्या, पण स्वतःच्याच घराचा जिना चढवेना. करवतीचे नाव ऐकताच त्या बिथरल्या. "मी काय लाकूड हाय व्हय? न्हाई यायची!"

ताई त्यांच्या घरी गेल्या, करवत त्यांच्या मांडीवर ठेवली. "मावशी, हात लावून बघा. मीच केलीय. त्या दिवशी मी तिथंच उभी राहीन."

हौसाबाई तयार झाल्या, आणि शब्दाप्रमाणे ताई शस्त्रक्रियेला उभ्या राहिल्या. एकही हिसका न देता करवत हाडातून फिरली. काप आरशासारखा सपाट. माझ्या तोंडून मास्कमधूनच "वा!" निघाले. ताईंचे डोळे भरून आले होते.

काही महिन्यांनी हौसाबाई काठीशिवाय चालत कारखान्यात आल्या. "करवतवाली बाई कुटं हाय?" म्हणत ताईंना कवेत घेतले. "आता वरच्या खोल्या मीच बघतीया. पोरांची पसारा करायची टाप न्हाई!" सगळा कारखाना हसला, टाळ्या वाजवू लागला.

आज ही करवत गावोगावच्या रुग्णालयांत चालते आहे, आणि साठी गाठलेल्या ताई नव्या उपकरणाच्या मागे लागल्या आहेत. ताई, आपण शंभरी ठणठणीत पायांनी ओलांडावी, आणि आपल्या गुडघ्यांना माझी गरज कधीही न पडो!