सत्काराच्या आधी पळणारा नांदेडवाला

लातूरला आमच्या गल्लीच्या टोकाला मैदान आहे. त्याच्या भिंतीवर बसून मी दोन हिवाळे फुटबॉल बघितला. मला त्यातलं फार कळत नाही. चेंडू जाळीत गेला की गोल आणि पंचानं शिट्टी मारली की भांडण, एवढं कळतं. बायको गेली त्या वर्षापासून मी तिथं जायला लागलो. दिवस मावळतीला घरात बसणं जमत नव्हतं, दुसरं काही नाही.

आमची खानावळ आहे. ती मुळात तिची. भूकंपात आमचं गाव बसलं, आम्ही दोघं वाचलो. ती म्हणाली, "आता डोक्यावर दगडमाती घेऊन मी झोपायची न्हाई," आणि मला लातुरात पत्र्याची खोली बघायला लावली. त्याच काळात शहरात क्लासेस वाढत चालले होते. चाकूर, बिलोली, धर्माबाद, कुठून कुठून पोरं डॉक्टर-इंजिनियर व्हायला यायची आणि दुपारी उपाशी फिरायची. तिनं आधी दोघांना जेवू घातलं. मग त्यांनी बाकीच्यांना आणलं. मी चौथी शिकलेला माणूस, पाणी भरायचं आणि बाजार आणायचा एवढंच माझं काम. ती गेल्यावर स्वयंपाकाला बाई ठेवली आणि वाढायला मी उभा राहिलो. पोरं ताटात अन्न टाकून उठायला लागली.

तर मैदान. दर हिवाळ्यात तिथं फुटबॉलच्या स्पर्धा असायच्या आणि भिंतीवर आमची ठरलेली बैठक. एक रिटायर झालेले एस.टी.चे कंडक्टर, एक न्हावी आणि मी. बोलणं सगळं एकाच माणसावर चालायचं. त्याला सगळे नांदेडवाला म्हणायचे. नांदेडचा मुसलमान तरुण होता, उंच, अंगानं वाळका. चेंडू त्याच्याकडं आला की अख्खं मैदान उभं राहायचं. तरी कंडक्टरांना तो पटायचा नाही.

"पाय बघा त्याचा. दुसऱ्या हाफात ओढून राहिला," ते म्हणायचे.

"ओढत न्हाई, दम राखतो," न्हावी म्हणायचा. नांदेडवाला त्याच्या खुर्चीत केस कापून घ्यायचा, म्हणून तो त्याच्या बाजूनं.

"दम असंल तर राखंल ना. डिझेल संपलेली गाडी उतारावर सोडल्यावानी पळतो तो."

"मग मघाचा गोल कुणी मारला?"

"उतारानं."

एकदा कंडक्टर माझ्याकडं वळले. "मामा, तुमच्याकडंच जेवतो ना तो? काय घालता त्याला?"

"सगळ्यांना घालतो तेच. भाजी, भाकरी, वरण-भात."

"वरण? माझा पुतण्या म्हणतो, मामाच्या वरणात ताटाचा तळ दिसतो. त्या वरणावर घोडा बी बसंल, हा तर माणूस हाय."

न्हावी हसला. मी भिंतीवरून उतरून घरी आलो. राग आला होता, पण बोलणं खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाईला सांगितलं, डाळ दुप्पट टाक. तिनं टाकली. वरण दाट झालं, चव काही तशी आली नाही.

पण पायापेक्षा मोठी तक्रार त्याच्या वागणुकीची होती. आमच्याकडं सामना संपला की सत्कार असतो. जिंकलेल्या बाजूच्या चांगल्या खेळाडूला फेटा बांधायचा, शाल घालायची, नारळ द्यायचा. हा गडी शेवटची शिट्टी झाली की चपला हातात घेऊन फाटकातून पळायचा. फेटा बांधणारा कापड हातात धरून तसाच उभा.

"घमंड हाय, घमंड," कंडक्टर म्हणायचे. "हार घालायला आलेल्या माणसाला पाठ दाखवतो."

मी सांगितलं त्यांना. तो क्लासच्या वसतिगृहात पोरं सांभाळायला आहे, दिवे लागले की हजेरी असते, त्यासाठी पळतो. कंडक्टर माझ्याकडं बघून हसायला लागले.

"एवढा नावाजलेला खेळाडू पोरांच्या हजेरीसाठी पळतो? मामा, तुम्हाला कुणीबी बनवतंय."

"लफडं बी असंल कायतरी," न्हावी हळूच म्हणाला. तो तर त्याच्या बाजूचा!

मोठ्या माणसाचं कारणही मोठंच पाहिजे असतं लोकांना. साधं कारण सांगितलं की त्यांना फसवल्यासारखं वाटतं. आणि त्याला स्वतःला कुणी विचारलंच नाही.

खरं मी सांगितलं तसंच होतं. त्याचा बाप नांदेडला गाद्या भरायचा. बाप गेल्यावर आई तिथं एकटी राहिली आणि हा नोकरीला लातुरात आला. राहायला खोली, वर पगार. काम काय, तर संध्याकाळी पोरं आत घ्यायची, हजेरी करायची आणि फोनपाशी बसायचं. गावोगावचे आईबाप दिवेलागणीला फोन करायचे. पोरगं आत आलं का, एवढंच विचारायचं असायचं त्यांना. एकदा फोन कुणी उचलला नाही, तर धर्माबादचा एक बाप घाबरून मिळेल त्या गाडीनं येऊन फाटकात उभा राहिला. तेव्हा क्लासच्या मालकानं याला सांगितलं, पुन्हा असं झालं तर गाठोडं बांध.

दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. फायनलला पाहुणे म्हणून नांदेडच्या एका शाळेचे हेडमास्तर यायचे होते. त्यांना खेळ शिकवायला माणूस पाहिजे होता. स्पर्धेतला उत्कृष्ट खेळाडू निवडा, त्याला मी घेऊन जातो, असं त्यांनी कळवलं होतं. ही गोष्ट गल्लीभर झाली. नांदेडवाल्याला बक्षीस मिळालं तर तो आईपाशी जाणार, हे लहान पोरालाही कळत होतं. पण बक्षिसाचा नियम होता. माणूस हजर पाहिजे. आदल्या वर्षी याचंच नाव निघालं होतं, हा पळाला होता, आणि ढाल दुसऱ्याच्या हातात गेली होती.

फायनलच्या दिवशी सकाळी तो जेवायला आला. सगळी पोरं उठून गेल्यावर जेवायची त्याची सवय.

"चाचा, फायनल का सत्कार कितना देर चलता?"

"आधी पाहुण्यांचा. मग देणगी दिलेल्यांचा. मांडववाल्याचा बी असतो, चुन्यानं रेघा मारणाऱ्याचा बी. तुझी पाळी येईपर्यंत अंधार पडतो."

"फिर गया अपना नाम." त्यानं भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. "अम्मी को बोल्या था मैं, इस बार आता बोलके."

"हजेरी दुसऱ्याला सांग की."

"किस को? सर लोगां क्लास में रहते."

"मला सांग."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मला वाचायला वेळ लागतो हे त्याला माहीत होतं. मी म्हणालो, "पोरं रोज माझ्या पंगतीला बसतेत. तोंडं ओळखतो मी. आणि फोन उचलायला काय शाळा लागते?"

त्यानं मोडलेली भाकरी खाल्ली. मग म्हणाला, "मालक को पूछना पडता."

मालकाला आम्ही दोघं जाऊन भेटलो. त्यांनी डोकं खाजवलं. म्हणाले, "एकच दिवस. आणि मामा, घंटी वाजली की उचलायचा, वाजू द्यायचा नाही."

परत येताना तो जिना उतरताना कठड्याला धरत होता. विचारलं, "पाय दुखतो?"

"दुखता, चाचा. किसीको नको बोलो."

म्हणजे कंडक्टर पायाबद्दल बरोबर होते. मी त्यांना सांगितलं नाही.

फायनलला भिंतीवर बसायला जागा नव्हती. नांदेडवाला पहिल्या हाफात दिसलाच नाही म्हणायचं. कंडक्टर लई खुशीत. दुसऱ्या हाफात त्यानं दोघांना चकवून असा चेंडू पुढं दिला की पुढच्या गड्याला नुसता पाय लावायचा होता. शेवटी एक गोल त्यानं स्वतः मारला आणि मारून खाली बसला, बराच वेळ उठला नाही. न्हावी भिंतीवरून पडता पडता राहिला.

"आता बोला," न्हावी म्हणाला.

"बोलतो की. खेळतो चांगला, कोण न्हाई म्हणून राहिलं? आता पळून जाईल बघा," कंडक्टर म्हणाले.

शेवटची शिट्टी झाली आणि मी उठलो. कंडक्टर ओरडले, "मामा, आज तुम्ही बी सत्काराच्या आधी पळायला लागले का?"

वसतिगृह मैदानाच्या मागच्याच गल्लीत. मी पोरांना ओसरीवर बसवलं. हजेरीची वही होती, ती उघडलीच नाही. जेवायला बसतात तसे बसा म्हणालो. ती हसत हसत आपापल्या जागेवर बसली. कोण कुणाच्या शेजारी बसतं ते मला पाठ होतं. सगळी होती. मग मी फोनपाशी खुर्चीवर बसलो.

मैदानावरचा कर्णा तिथपर्यंत ऐकू यायचा. पाहुण्यांचा सत्कार झाला. मग देणगीदार. दर सत्काराला टाळ्या, दर सत्काराला माईकवाल्याचं भाषण. मधूनमधून फोन. चाकूरच्या एका बापानं नुसतं "आला?" विचारलं, मी "आला" म्हणालो, त्यानं ठेवला. मग बिलोलीच्या एका आईचा आला. तिला नवा आवाज ऐकून भीती वाटली.

"तुम्ही कोण बोलता?"

"मी खानावळीवाला मामा. तुमचा मुलगा आत हाय, बाई."

"जेवतो का हो नीट?"

मी कधी गोड बोलायला शिकलो नाही. म्हणालो, "वांगं खात न्हाई. लपवून ठेवतो ताटाखाली. बाकी जेवतो."

बाई एकदम हसली. "घरी बी तेच करायचा! त्याला वांग्याचं भरीत करून घाला, भरीत खातो तो." मग ती भरतात काय काय घालायचं ते सांगायला लागली. इतक्यात कर्ण्यावर माईकवाला खाकरला आणि सगळी पोरं ओसरीच्या कडेला आली.

"बाई, जरा थांबा," मी म्हणालो. "आमच्या माणसाचं बक्षीस हाय." आणि ऐकायचं चोंगं तसंच हातात धरून उभा राहिलो.

कर्ण्यावर उत्कृष्ट खेळाडूचं नाव आलं. आमच्याच माणसाचं. पोरांनी आरडाओरडा केला. कर्णा पुन्हा बोलला. त्याचं नाव परत घेतलं. मग परत. आणि मग माईकवाला म्हणाला, "नेहमीप्रमाणे आपले खेळाडू निघून गेलेले दिसतात. तेव्हा हा मान आपण दुसऱ्या क्रमांकाच्या..."

"हाय की तिथं!" पोरं ओरडली. "गेला न्हाई तो!" पण ओसरीवरून ओरडून कुणाला ऐकू जाणार. हा इथं आला नाही, म्हणजे तिथंच आहे. मग उठत का नाही? मी हललो तर फोन सुटतो, नाही हललो तर त्याचं नांदेड जातं. चोंगं माझ्या हातात आणि त्यातून बिलोलीची बाई विचारतेय, "काय झालं? काय झालं?"

एवढ्यात कर्ण्यातून खरखर आली, माईकची ओढाताण झाल्यासारखी. आणि आवाज आला तो आमच्या कंडक्टरांचा.

"ओ, थांबा! हितंच हाय तो! गोलच्या खांबापाशी बसलाय, पाय सुजून हा एवढा झालाय त्याचा, उठता येईना! मी मघापासून त्याच्याकडंच बघून राहिलो! कुणाला बी देऊ नका!"

मग जो दंगा झाला तो फोनमधून बिलोलीपर्यंत गेला. बाईनं विचारलं, "मिळालं का?" मी म्हणालो, "मिळालं." ती म्हणाली, "बरं झालं हो," आणि तिचा माझा काही संबंध नसताना तिनं राहिलेलं भरीत मला शेवटपर्यंत सांगितलं. मग तिनं ठेवला.

नांदेडवाल्याला न्हाव्यानं सायकलवर बसवून आणला. डोक्यावर भगवा फेटा, पाय लोंबकळता, मागून कंडक्टर ढाल घेऊन. उतरल्या उतरल्या त्यानं विचारलं, "सब पोट्टे आए?"

"आले. हेडमास्तर काय म्हणाले?"

"पैले डॉक्टर को पाव दिखाओ बोले, फिर नांदेड आओ बोले."

कंडक्टर खुर्चीवर बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "आज सत्काराला थांबला. हाराची हाव सुटली म्हणायची." न्हाव्यानं त्यांच्याकडं असं बघितलं की ते पाणी प्यायला आत गेले.

पाय बरा व्हायला वेळ लागला. त्या दिवसांत भरीत करून बघितलं. बिलोलीच्या आईनं सांगितलं होतं तसंच स्वयंपाकाच्या बाईकडून करून घेतलं. बिलोलीच्या पोरानं ताट पुसून खाल्लं, आणि नांदेडवाल्यानं दोनदा मागितलं. त्या पंगतीत मी बऱ्याच दिवसांनी स्वतः जेवायला बसलो.

तो गेला त्या दिवशी आम्ही तिघं स्टँडवर गेलो. नांदेडच्या गाडीला गर्दी होती. कंडक्टरांनी गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकला आणि जागा धरली. जन्मभर दुसऱ्यांचे रुमाल उचलून भांडणं मिटवलेला माणूस. वर चढून त्याला बसवला, शेजारच्या माणसाला म्हणाले, "याला पाय लांब करू द्या, खेळाडू हाय." खाली उतरून मला म्हणाले, "शाळेत टिकतो का बघू आता."

"टिकतो," मी म्हणालो.

"तुम्हाला काय कळतंय फुटबॉलातलं?"

वाद घालायला मला वेळ नव्हता. नवा माणूस मिळेपर्यंत मालकानं हजेरी माझ्याकडंच ठेवली होती, आणि दिवे लागायला आले होते.