एका चुलवाणाचं तोंड

आमच्या गुळव्यामामाची जीभ अख्ख्या कृष्णाकाठाला ठाऊक होती. गूळ करणारा कारागीर तो गुळव्या. मामाचं खरं नाव आजीशिवाय कोणी घेत नसे. काहिलीतला उकळता पाक तो गार पाण्यात टाकायचा, बोटांनी गोळी वळायचा आणि तोंडात धरायचा. ती विरघळेपर्यंत गुऱ्हाळावर कोणी चकार शब्द काढायचा नाही. मग मामा ओरडायचा, "उतरवा!" ऊस कुठल्या मळ्यातला, तेही तो चवीवरून सांगे. "कारखान्याची साखर गोड असती, पर बोलत न्हाई," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

मामाच्या पोटात कॅन्सर निघाला तेव्हा मी पुण्यात त्याच रोगावर संशोधन करत होते. मग काय विचारता! सांगलीच्या दवाखान्यातल्या बाकावर बसून मी मोठ्या शहाणपणानं बोलून गेले, "मामा, कॅन्सरच्या पेशी साखरेला फार हावऱ्या असतात. त्यांची चूल बंद पाडायचं औषध आम्ही शोधतोय." मामानं मान डोलावली. मला वाटलं, समजलं.

दोन महिन्यांनी गुऱ्हाळावर गेले, तर मामा ओळखू येईना. मामी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "गूळ सोडला, भाकरी सोडली. पाक चाखून थुकत्यात. अंगात ताकद न्हाई म्हणून डॉक्टरांनी केमो थांबवलीया."

"तूच म्हणालीस की गं," मामा हसला. "उपाशी मारतोय भाड्याला."

मी तिथेच रडले. रडत रडतच सांगितलं, "अरे मामा, तू उपाशी राहिलास तर तो कॅन्सर तुझंच मांस ओरबाडून खाईल. चूल त्याची बंद करायची, तुझी नाही! मी अर्धवट बोलले, चुकलं माझं."

मामा काहिलीखालच्या धगधगत्या चुलवाणाकडे बघत राहिला. "म्हंजे त्या एका चुलवाणाचं तोंड बुजवायचं. आन् मी येड्यानं अख्खं गुऱ्हाळच बंद केलं व्हय!" मग उठला, गोळी वळली, तोंडात टाकली. सगळे गप्प. त्यानं ती गिळली. "उतरवा!" मामी रडता रडता हसली.

हळूहळू मामानं अंग धरलं, केमो पुन्हा सुरू झाली आणि त्याला आणखी एक हंगाम मिळाला. त्या हंगामात त्यानं एकदाच विचारलं, "तुझं औषध कवा व्हायचं?"

"वेळ लागेल, मामा."

"मग माझ्या कामाचं न्हाई. पर तू थांबू नगंस."

पुढच्या हंगामाला मामा नव्हता. त्यानं चाखून उतरवलेली शेवटची ढेप मामीनं मला पाठवली. ती अजून माझ्याच्यानं फोडवलेली नाही. औषधाचं काम चालू आहे. आणि संशोधनासाठी दवाखान्यात गेले की कोणी पेशंट विचारतो, "ताई, गोड सोडू का?" तेव्हा मी आधी विचारते, "आज जेवलात का?"