शुक्रवारची उरलेली भाकर

"तेवढं सांगा," म्हणत तो कानामागची पेन्सिल काढायचा, वहीचं कोरं पान उघडायचा आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसायचा. शिकायची अशी उघडी भूक तुम्हीही कुणात पाहिली असेल. तिची चेष्टा करायचा मोह आवरत नाही, हेही ओळखलं असेल. आम्ही तर आवरायचा प्रयत्नही केला नाही.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. वसईहून उमेळ्याकडे जाताना एका वाडीत आमचं धर्मशिक्षणाचं विद्यालय होतं. पाच-सहा वेगवेगळ्या चर्चची मुलं तिथं एकत्र राहून पाळक व्हायला शिकत होती. आमच्या चर्चमध्ये वेदीवर मेणबत्त्या लावत. काहींना मेणबत्ती दिसली तरी पाखंड वाटायचं. काही मोठ्यानं रडत प्रार्थना करायचे. आम्ही सगळे एका पंक्तीला जेवायचो, एकमेकांची गीतं म्हणायचो आणि पाठ वळली की एकमेकांच्या नकला करायचो. ऐक्याचा अभ्यास म्हणतात तो हाच.

हा पेन्सिलवाला चाळिशीचा गडी मिठागरातून आलेला. टाचा फुटलेल्या, हात राठ. आम्ही विशीतली पोरं त्याला 'आजोबा' म्हणायचो आणि तो ओ द्यायचा. मिठागराच्या कडेला त्यांच्या मंडळीची आठ-दहा घरं आणि पत्र्याचं एक प्रार्थनाघर होतं. तिथं तीन महिन्यांतून एकदा पाळक यायचा, तेव्हाच त्यांना प्रभुभोजनाची, म्हणजे प्रभू येशूचं शरीर म्हणून आशीर्वाद दिलेली, भाकर मिळायची. म्हणून त्यांनी यालाच शिकायला धाडलं होतं. त्याच्या वाटचं मीठ आता बायको ओढत होती. पाळकाची दीक्षा घेऊन हा परतला की दर रविवारी प्रभुभोजन, एवढीच त्या घरांची मागणी. हे तो इतक्यांदा सांगायचा की आम्ही कंटाळायचो.

ग्रीक अक्षरं त्याच्या डोक्यात शिरत नसत. विहिरीवर आंघोळ करताना तो ओल्या बोटानं दगडावर ती गिरवायचा. आम्ही मागून पाण्याचा तांब्या ओतून पुसायचो. तो हसायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचा.

जेवण झालं की ताटातली शितं घेऊन तो प्रार्थनागृहाच्या बाजूच्या पायरीवर बसायचा. शेजारच्या वाडीतल्या कोंबड्या त्याची चाहूल ओळखायच्या, त्याचा हात हलला की धावत यायच्या. विद्यालयात त्याच्यावर खरा जीव होता तो त्यांचाच.

दर शुक्रवारी एका चर्चच्या पद्धतीनं प्रभुभोजन व्हायचं आणि मदतनीस दुसऱ्या चर्चचा विद्यार्थी असायचा. आमच्या शुक्रवारी त्याची पाळी आली. प्राचार्य आमच्याच चर्चचे, भारी कडक. त्याला आमची रीत शिकवायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं. कुठं गुडघा टेकायचा, ताट कसं धरायचं, सगळं त्यानं लिहून घेतलं.

"आनि उरलेल्या भाकरीचं काय कराचं? तेवढं सांगा."

आमच्यात ती उरलेली भाकर मदतनीसानं तिथंच, वेदीपाशी उभं राहून खायची असते. कणही राहू द्यायचा नसतो. त्यांच्यात ती पोरांना देत आणि पोरांची उरली की कोंबड्यांना. देवाचं ते सगळ्यांचं, असं तोच मला एकदा म्हणाला होता. मला हे आठवत होतं. म्हणूनच मी गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, "तुमच्याकडे करता तसंच."

मला प्राचार्यांचा चेहरा बघायचा होता. बाकी काही मनात नव्हतं, आणि हे मी सुटका म्हणून सांगत नाही.

उपासना संपली. प्राचार्यांनी ताट त्याच्या हाती दिलं. तो बाजूच्या दारानं बाहेर गेला, पायरीवर बसला आणि प्रेमानं भाकर कुसकरू लागला. आमच्यातला एक जण हसू दाबताना खोकला. प्राचार्य मात्र पांढरे पडले. प्रभूचं शरीर कोंबड्यांना घातलं, अशा माणसाला दीक्षा मिळणार नाही, त्यानं आजच घरी जावं, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. मग माझ्याकडे वळले.

"तू याला सांगितलं नव्हतंस?"

"सांगितलं होतं, सर."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही.

"सांगितलं असंल," तो म्हणाला. "माजंच डोकं जड."

दुपारी तो पत्र्याची पेटी घेऊन फाटकाशी उभा होता. मी गेलो. माफी मागायला नव्हे, त्यानं तोंड उघडू नये म्हणून. त्यानं पेटी खाली ठेवली आणि कानामागची पेन्सिल काढली.

"ते उरलेल्या भाकरीचं खरं काय कराचं असतं? तेवढं सांगा."

म्हणजे त्याला सगळं कळलं होतं. मी म्हणालो, "खायची असते. तिथंच, उभं राहून. सगळी."

त्यानं ते लिहून घेतलं, वही मिटली आणि वसईच्या रस्त्याला लागला. मी त्या मिठागराकडे कधी फिरकलो नाही. मला लाज वाटत होती, आणि ती मी पुढं दीक्षेच्या झग्याखाली नीट झाकली.

पुढच्या आमच्या शुक्रवारी प्राचार्यांनी नियम बाजूला ठेवून मदतनीस मलाच केलं. ताटात बरीच भाकर उरली होती. वेदीपाशी उभा राहून मी ती तोंडात कोंबत होतो आणि बाजूच्या दारात कोंबड्या येऊन थांबल्या होत्या. प्राचार्यांनी डोळ्यांनीच खुणावलं, हाकल. तोंड भरलेलं, त्यामुळे आवाज काढता येईना. मी नुसता हात हलवला, तशा त्या धावत माझ्या पायाशी आल्या.