पान चारशे तेरा

पडदा उघडतो. उजवीकडे कपाटात कायद्याचे जाडजूड ग्रंथ, मधे टाइपरायटर आणि त्यामागे काळी टोपी घातलेला सोमाजी नन्नावरे. बाहेर व्हरांड्यात बुधरीबाई, गुडघ्यांना मिठी मारून बसलेली. साल एकोणीसशे सत्तावन्न. गाव आमच्या झाडीपट्टीतलं. नाव मुद्दाम घेत नाही.

मी तेव्हा नाटकात बायकांच्या भूमिका करायचो आणि सिंदेवाहीकडचा हा सोमाजी आमचा प्रॉम्प्टर होता. टाळ्यांच्या नादात मी एखादं वाक्य गाळलं, की ते विंगेतून येई आणि मी म्हणेपर्यंत येतच राही. लोक हसत, मी चिडायचो. आता त्या टाळ्या आठवल्या, की आधी त्याचा आवाज आठवतो.

पोटासाठी तो अपिलाच्या कोर्टात टायपिस्ट होता, तोही हंगामी. साहेब निकाल इंग्रजीत सांगत, हा टाइप करी. जुन्या निकालाचा आधार घेतला, की त्याचं साल, खंड आणि पान लिहायचं ही कोर्टाची रीत. सोमाजीची रीत तिच्या एक पाऊल पुढे: ग्रंथ उघडून ते पान स्वतः पाहिल्याशिवाय आकडा टाइप करायचा नाही.

बुधरीबाई गडचिरोलीपलीकडच्या जंगलगावची. नवरा वारला आणि तिच्या धानाच्या बांधीवर, म्हणजे भातशेतावर, एका ठेकेदाराने दावा लावला. खालच्या कोर्टात तो जिंकला. अपिलात त्याच्या वकिलाने हायकोर्टाच्या जुन्या निकालातल्या तीन ओळी वाचल्या. वहिवाट कितीही जुनी असो, कागद नसेल तर हक्क नाही, असा त्यांचा अर्थ. पान चारशे बारा. बाईच्या वकिलाने ग्रंथ उघडलासुद्धा नाही. साहेबांनी त्या ओळी तशाच निकालात घेतल्या. दुसऱ्या दिवशी अकराला निकाल वाचायचा होता आणि बाईची बांधी जाणार होती.

सोमाजीने पान काढलं. ओळी होत्या. पण निकाल लिहिताना न्यायाधीश आधी दोन्ही वकिलांचं म्हणणं नोंदवतात आणि मग आपलं मत देतात. त्या तीन ओळी एका वकिलाचं म्हणणं होत्या. समोरच्याच पानावर, चारशे तेरावर, हायकोर्टाने तेच म्हणणं साफ फेटाळलेलं.

हेडक्लार्क मुखरूभाऊंना त्याने दाखवलं. ते म्हणाले, "तू टायपिस्ट होय का जज? बोटं चालव, नाई तं नोकरी जाईन तुही."

सोमाजीने बोटं चालवली. सगळा निकाल टाइप केला. त्या तीन ओळींची आणि पानाच्या आकड्याची जागा मात्र कोरी ठेवली.

सकाळी मी नाटकाची वही न्यायला गेलो, तेव्हा तो ग्रंथ घेऊन साहेबांच्या खोलीत उभा होता. मी दाराशी थांबलो. साहेबांनी कोऱ्या जागेवर बोट ठेवून विचारलं, हे काय? कोर्टात जपून शहरी बोलणारा सोमाजी त्या दिवशी घरच्या बोलीवर आला. "समोरचं पान बी पाहा साहेब. त्या तीन ओळी कोर्टाचं बोलनं नाई. हारलेल्या वकिलाचं होय."

साहेबांनी चारशे तेरा वाचलं, पुन्हा चारशे बारा, पुन्हा चारशे तेरा. त्या दिवशी निकाल वाचला गेला नाही. अपील पुन्हा ऐकलं गेलं आणि त्या पावसाळ्यात बुधरीबाईने आपल्याच बांधीत धानाची रोपं लावून रोवणा केला. सोमाजीची नोकरी महिनाअखेरीस गेली. तो मिरगाआधी देवाघरी गेला त्याला आता अकरा वर्षं झाली.

पण पडदा मी तिथे पाडत नाही. त्याच सकाळी त्या खोलीत पाडतो. साहेब माणूस प्रामाणिक, पण साहेबच. ग्रंथ मिटून ते म्हणाले, चूक दाखवलीस ते ठीक, पण हुकूम मोडलास. माफी लिहून दे, ती दप्तरात लागेल, नाहीतर घरी जा. मुखरूभाऊंनी कागद पुढे सरकवला, दौत सरकवली, डोळ्यांनी विनवलंसुद्धा. सोमाजीने टोपी सारखी केली, टाक उचलला आणि म्हणाला,

"लिहून देतो साहेब. पन माफीत पान चारशे तेरा बी येईन."