भिकुअक्कांचं उत्तर

भिकुअक्का अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. धरणगावकडच्या एका खेड्यात एकट्या राहतात, मुलगा दीपक सुरतेला. गावातली एक संस्था अशा एकट्या म्हातार्‍यांना रोज दुपारी डबा पोचवायची. त्या डब्याची खरंच गरज आहे का, हे शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी जळगावला एमबीए करते, दुसरं वर्ष. प्रकल्पाचा विषय 'पुराव्यावर आधारित निर्णय'. काय तोरा होता माझा, विचारू नका!

एकतीस घरं, सगळीकडे तेच प्रश्न. अक्कांनी ओट्यावर बसवलं, चहा पाजला. शेजारच्या तिघी-चौघी लसूण सोलत येऊन बसल्या. मला वाटलं, वा, किती मोकळं गाव!

"मुलगा विचारपूस करतो?"

"रोज फोन करस."

"डबा बंद झाला तर चालेल?"

"चालेल ना, माय. माले काय कमी शे? बठ्ठं शे घरमा."

एकतीसपैकी सव्वीस जणांनी असंच, घरात सगळं आहे म्हणून सांगितलं. मी तक्ता केला, सरांनी पाठ थोपटली, संस्थेने त्या सव्वीस जणांचा डबा बंद केला.

महिन्याने अहवालाची प्रत द्यायला गेले, तर भर दुपारी अक्का चहात बिस्किट बुडवून खात होत्या. चूल गार. हात इतके थरथरत होते की भाकरी थापणं शक्यच नव्हतं. पहिल्या वेळीही ते थरथरत असणार, पण माझ्या फॉर्ममध्ये हातांचा रकाना नव्हता.

माझं डोकंच फिरलं. "अक्का, मग तेव्हा का नाही बोललात?"

त्या उठल्या, दार लावलं आणि मग हळूच म्हणाल्या, "चार बायास्ना मोरे पोर्‍यानी आब्रू काढू का? दिवाळीनंतर त्याना एक बी फोन नही." त्या रडल्या नाहीत. रडले मी, मूर्खासारखी.

शेजारणींदेखत कोणती आई असलं सांगेल? माझी आई तरी सांगेल का? एवढं साधं न कळणारी मी निर्णय कसे घ्यावेत ते शिकत होते! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मग पुन्हा एकतीस घरं फिरले. कागद न काढता, दार लावून. अक्का सोडून आणखी एकोणीस जणांनी उत्तर बदललं. संस्थेचे चुडामण नाना भला माणूस, त्यांनी त्या एकोणीस जणांचा डबा लगेच चालू केला. अक्का मात्र अडून बसल्या. आधी डबा सगळ्याच एकट्यांना मिळायचा; आता गरजूंची यादी संस्थेच्या भिंतीवर लागते, तिथे त्यांना नाव नको होतं. मी हातापाया पडले. नाही म्हणजे नाहीच.

आता दर रविवारी मी जळगावातल्या पिंप्राळ्याच्या माझ्या खोलीवरून दोघींचं जेवण घेऊन जाते. बाकीचे दिवस त्या काय खातात, ते विचारत नाही. विचारलं तर काय सांगतील ते मला ठाऊक आहे.

शेजारणींना अक्का सांगतात, "जळगावनी पोर शे. बिचारीले कोनी नही, म्हनीसन मन्हाकडे जेवाले येस."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा असा राग आला होता! आता मी नुसती मान डोलावते. पिंप्राळ्याच्या त्या खोलीत रविवारभर माझ्याशी बोलणारं तरी कोण आहे?