बनारसमध्ये मामाची मुलगी

"शिंदे घाट," मी रिक्षावाल्याला परोपरीने सांगत होते, पण त्याच्या काही डोक्यात शिरेना. शेवटी एका पानवाल्याने उलगडा केला, "अरे, सिंधिया घाट!" एरवी मी पोटभर हसले असते. पण मी काही काशीयात्रेला आले नव्हते. माझ्या दिवंगत बहिणीच्या लेकीचं, नलूचं तान्हं बाळ दवाखान्यात होतं. जन्मल्यापासून त्याला आकड्या येत होत्या आणि एकही औषध लागू पडत नव्हतं. तिचं पहिलं मूल असंच गेलेलं. म्हणून मी मावशी मिरजेहून धावत आले होते.

घर घाटावरच्या गल्लीत. मणिकर्णिका शेजारीच, तिथल्या चितांचा धूर थेट खोलीत येई. मी आल्या आल्या खिडकी लावून टाकली.

सकाळी नलूचा नवरा विनायक कुल्हडात (मातीच्या पेल्यात) मलइयो घेऊन आला. केशर घातलेला दुधाचा फेस, जिभेवर ठेवताच विरतो. मी दोन चमचे खाल्ले आणि नलूकडे बघून कुल्हड खाली ठेवलं.

दवाखान्यात डॉक्टर बाळाला तपासत होते. त्याचे हातपाय एकसारखे आखडत होते.

"माताजी, आप बच्चे की कौन?"

"मैं लड़की की मावशी," मी माझ्या अगाध हिंदीत म्हटलं. वर कौतुकाने जोडलं, "लड़का भी घर का ही है. ये उसके मामा की लड़की."

विनायकने मान खाली घातली. डॉक्टर थबकले. "ममेरी बहन? आपने तो कहा था, रिश्ते में शादी नहीं हुई."

"हमारे यहाँ चलता है, डाक्टर साहब," विनायक पुटपुटला. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "मावशी, इथे मामाची मुलगी म्हणजे सख्खी बहीणच समजतात. कुणाला मालूम झालं तर काय सोचतील, म्हणून नाही म्हटलं मी."

मला त्याचा राग आला आणि कीवही. आत्याने भाची सून करून नेली, याचा आमच्याकडे केवढा मिरवण्याजोगा आनंद झाला होता.

डॉक्टर मात्र रागावले नाहीत. नवरा-बायको एकाच घरातले असले, की एकच लपलेली उणीव दोघांकडून बाळात उतरू शकते, असं त्यांनी समजावलं. अशा एका दुर्मीळ आजारात साधं बी-सिक्स जीवनसत्त्व कामी येतं, ते देऊन पाहू म्हणाले. त्यांनी शिरेतून इंजेक्शन दिलं आणि बाळाच्या श्वासावर नजर ठेवून बसले.

हळूहळू इवल्या मुठी सैलावल्या. आकडी थांबली. नलू माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली, मीही रडले.

मी आणखी आठवडाभर राहिले. आकडी परत आली नाही. औषध जन्मभर द्यावं लागेल आणि पुढच्या मुलालाही हाच धोका राहील, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तरी परतीच्या गाडीत मी कित्येक दिवसांनी गाढ झोपले.

मिरज स्टेशनवर नलूचे वडील उभे होते. एसटीडीवरून सगळं कळवलं होतं, तरी त्यांनी पुन्हा सारं विचारून घेतलं.

"म्हणजे दोष आमच्याच रक्तातला," ते म्हणाले. "आणि आम्ही नलूच्या पायगुणाला बोल लावत बसलो."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"चला," ते माझी पिशवी उचलत म्हणाले, "आधी तिला फोन लावू. मला तिच्याशी बोलायचंय."