बुडालेल्या माणसाचे दात

माझी आत्या प्यायला लागली आहे, अशी बातमी आमच्या बिल्डिंगमध्ये फिरत होती. खालच्या मजल्यावरच्या काकू ती सांगताना आधी दार लोटायच्या, मग नाक चिमटीत धरायच्या. "मी कुण्णाला सांगत नाही हं, पण वास येतो हो! आणि परवा जिन्याकडच्या खिडकीतून दिसलं, एकटीच एका मेलेल्या माणसाशी बोलत होती!"

वास टर्पेंटाइनचा होता. मेलेला माणूस चित्रातला होता. बोलत होती, हे मात्र खरं.

आत्या दात बनवते, डेंटल लॅबमध्ये, सत्तावीस वर्षं. नमुन्याच्या दातांची एक पट्टी असते, तिच्यावरून रंग जुळवते आणि असा दात करते की शेजारचा खरा दातसुद्धा फसावा. पण यंदा तीन दात परत आले. तिन्हींवर एकच शेरा : रंग चुकला. मालक एवढंच म्हणाले, "डोळे तपासून घ्या एकदा," तेही दुसरीकडे बघत. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायची तिला इतकी धास्ती, की ती चित्रकलेच्या क्लासला गेली.

"रंग दिसेनासे झाले असतील तर तिथेच कळेल," मला म्हणाली. "क्लासमधून काही नोकरी जात नाही."

सर नव्या माणसाला जुन्या चित्राची नक्कल करायला देतात. हिच्या वाट्याला आलं वादळी समुद्राचं चित्र. काळे खडक, काळ्या शालीतली, कंदील धरून वाकलेली बाई आणि पुढ्यात बुडून मेलेला माणूस, तोंड अर्धवट उघडं. सर खर्जात बोलतात आणि वाक्य मध्येच सोडून देतात. "काळा रंग... वापरायचा नाही. निळ्यात तपकिरी मिसळा. अंधार... बनवायचा असतो."

आत्याने अकरा अंधार बनवले. रोज सकाळी एक डोळा झाकून बघायची, मग दुसरा.

"हा हिरवट आहे ना गं? खरं सांग."

"आहे."

"माझं मन राखतेस."

मी सरांचा आवाज काढला तरी हसायची नाही. पुसलेला ब्रश पुन्हा पुसायची. तेलरंग दिवसेंदिवस ओले राहतात, चूक सुधारायला वेळ मिळतो. तिला तो काळजी करायला मिळाला.

तिसऱ्या आठवड्यात सर चित्रासमोर थांबले आणि चक्क पूर्ण वाक्य बोलले. "बाई, हा बुडालाय की टूथपेस्टची जाहिरात करतोय?"

मूळ चित्रात तोंडात नुसती सावली होती. आत्याने तिथे वरचे सहा दात बसवले होते. सुळ्यांसकट, पांढरेशुभ्र.

"उघडं तोंड दिसलं की हात थांबत नाही हो, सर."

"असू द्या. पण कंदिलाच्या उजेडात दात... पांढरा कसा राहील?"

आत्या घरी आली आणि चप्पल न काढताच म्हणाली, "पोपट, लॅबमधली ट्यूबलाइट याच वर्षी बदलली गं!" (मी नकला करते, म्हणून पोपट.)

"मग?"

"मग दोष तिच्या उजेडाचा. नाहीतर माझा."

मला वाटलं, ही स्वतःची समजूत घालते आहे. म्हणून पैज लावली. परत आलेला दात त्या ट्यूबखालीही पट्टीशी जुळला नाही, तर तिने दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. जुळला, तर ती सांगेल ते मी करायचं.

शनिवारी लॅबमध्ये तिने दात पट्टीला टेकवला. पट्टी मी धरली होती. ट्यूबखाली कुठला दात कुठला, मला सांगता येईना. खिडकीशी नेला, तर दात गुलाबीसर आणि पट्टी पिवळट. मालकांनीही वाकून बघितलं. मग ट्यूबचं बटण तेवढं बंद केलं.

म्हणून गेले तीन रविवार मी टेबलावर आडवी पडून बुडालेली असते. शेजारी कंदील.

"हलू नकोस. सुळ्यावर सावली कशी पडते ते बघू दे."

काल काकू खिडकीतून डोकावल्या आणि "अगं बाई, आता पोरगीपण!" असं किंचाळल्या. तो सूर माझ्या अगदी जिभेवर आला होता. पण पैज म्हणजे पैज. दोन तास तोंड उघडं ठेवायचं आणि त्यातून चकार शब्द काढायचा नाही.